मोरपंखी स्वेटर आणि शंभर वर्षांचे मोजे

अमेरिकेहून परतलेल्या माणसाला आमच्या मिरजेत पहिला प्रश्न नायगाऱ्याचा विचारतात. मी नायगारा पाहिला नाही असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा उतरतो. माझं तिकीट वाया गेलं याचं दुःख माझ्यापेक्षा त्यालाच जास्त होतं. मग मी म्हणते, “मी मोजे पाहिले.” त्यावर तो विषय बदलतो. म्हणून हे लिहायला बसले आहे. लिहिताना मध्येच कुणाला विषय बदलता येत नाही.

मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. दोन्ही ध्रुव फळ्यावर खडूने काढण्यात हयात गेली, पण बर्फ म्हणाल तर मला ठाऊक असलेला बर्फ उसाच्या रसातला. तिथे सहा महिने रात्र असते असं मी मुलांना सांगायची, आणि दर वर्षी एखादं तरी पोर विचारायचं, “मग बाई, ते जेवतात कधी?” तिथे जाऊन राहणारी माणसं काय खात असतील, काय घालत असतील, दात कशाने घासत असतील, हे पुस्तकात कुठेच नसायचं. पुस्तकात फक्त अक्षांश.

वेस्ट विंडसर

२००७ च्या ऑक्टोबरात माझी थोरली बहीण कुमुदताई हिने मला बोलावून घेतलं. ताई आणि भाऊजी न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला राहतात. भाऊजी निवृत्त शास्त्रज्ञ, डॉक्टरेट केलेले. १९६० नंतरच्या त्या वर्षांत, लग्न नुकतंच झालेलं असताना, ते अमेरिकेत शिकायला आले आणि तिथून एका अमेरिकन तुकडीबरोबर वर्षभर अंटार्क्टिकावर जाऊन राहिले. आकाशात जो ध्रुवीय प्रकाश दिसतो त्याची मोजमापं करायला. ताई तेव्हा मिरजेलाच होती, सासरी. आमच्या आईने त्या वर्षी इतक्या देवांना नवस बोलले होते की ते फेडता फेडता माझं लग्न लांबलं.

मी पोचले तेव्हा घरात एकच विषय होता. मेन राज्यातल्या एका छोट्या संग्रहालयात ध्रुवांवर गेलेल्या शास्त्रज्ञांच्या खाजगी वस्तूंचं प्रदर्शन भरणार होतं. उपकरणं नव्हेत, वस्तू. चष्मे, चहाचे पेले, मोजे, दाढीचं सामान. बहुतेक सगळं शंभर वर्षांपूर्वीच्या पहिल्यावहिल्या मोहिमांमधलं, आणि शेवटी एका पेटीत नंतरच्या काळातल्या दोनचार जणांचं. त्या दोनचार जणांत भाऊजींचं नाव निघालं होतं. त्यांनी आपला तिथला स्वेटर द्यायचं कबूल केलं होतं आणि एक जुना फोटोही पाठवला होता.

भाऊजींना एवढं आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं. महाराष्ट्र मंडळातल्या प्रत्येकाला फोन झाले होते. हर्नडन गावात राहणाऱ्या भाच्याला उद्घाटनाच्या दिवशी सुट्टी टाकायला सांगून ठेवलं होतं. बाथरूममधून भाषणाचा आवाज यायचा. “तसं पाहिलं तर मी सामान्य माणूस आहे,” अशी सुरुवात होती, आणि पुढे बराच वेळ ते सामान्य नव्हते.

स्वेटर होता गॅरेजमधल्या पत्र्याच्या ट्रंकेत. इतक्या वर्षांत घरं बदलली, गावं बदलली, पण ती ट्रंक कुठल्याच घरात उंबऱ्याच्या आत आली नव्हती. भाऊजींनी ती उघडली आणि मी तीन पावलं मागे गेले. रॉकेल, सील प्राण्याची चरबी आणि वर्षभर आंघोळ न केलेला पुरुष, असा तो वास चाळीस वर्षं मुरला होता.

“हा अंटार्क्टिकाचा वास,” भाऊजी अभिमानाने म्हणाले.

“हा तुमचा वास,” ताई म्हणाली.

आत एक काळपट तपकिरी, ताठ झालेला गोळा होता. कोपराला भोक. ताईने तो दोन बोटांनी उचलला आणि तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. “हे असं द्यायचं लोकांना? म्युझियममध्ये? खाली नाव लिहिणार ना तुमचं? लोक म्हणतील, बाईमाणूस नव्हतं का घरात!”

दुसऱ्या दिवशी भाऊजी डेंटिस्टकडे गेले आणि ताईने पदर खोचला. म्हणजे ट्राउझरवर टी-शर्ट होता, पण पदर खोचल्याचाच तो आविर्भाव. इंडियन ग्रोसरीतून आणलेले रिठे रात्रीच भिजत घातले होते. कोमट पाण्यात हलक्या हाताने, पिळायचं नाही, नुसतं दाबायचं. पहिलं पाणी कॉफीसारखं निघालं, दुसरं चहासारखं. मग पाण्याखालून हळूहळू काहीतरी निळं डोकावायला लागलं, आणि ताई आणि मी दोघी एकदमच ओरडलो. तो स्वेटर तपकिरी नव्हताच. मोरपंखी होता.

घराबाहेर कपडे वाळत घालायला त्यांच्या वसाहतीत बंदी. त्यामुळे तळघरातल्या टेबल टेनिसच्या टेबलावर जुनी चादर अंथरून तो वाळवला. मग ताईने मिळतीजुळती लोकर आणून कोपराचं भोक असं रफू केलं की शोधून सापडू नये. वर ओलं फडकं ठेवून इस्त्री. घडी. डांबराच्या गोळ्या. पांढऱ्या कागदात गुंडाळून खोक्यात.

भाऊजी बघतच राहिले. “हा निळा होता?”

“मोरपंखी. तुम्हाला रंग कळलेत कधी?”

“ग्रेट! काय सुंदर दिसतोय गं!” असं म्हणून त्यांनी स्वतः खोक्याला रिबीन बांधली. तिघांपैकी एकाच्याही मनात शंकेची पाल चुकचुकली नाही. आपल्याकडे कुणाला काही द्यायचं तर स्वच्छ करूनच देतात. शेजारणीची वाटी परत करतानासुद्धा आपण ती घासून, वर त्यात काहीतरी घालून देतो.

रस्त्यात

बाहत्तराव्या वर्षीही गाडी भाऊजीच चालवतात, आणि “मी ड्राइव्ह करताना बोलू नका” असं म्हणून स्वतः अखंड बोलतात. मुलीने भेट दिलेलं रस्ता सांगणारं यंत्र काचेला चिकटवलेलं होतं. त्यातली बाई उजवीकडे वळा म्हणाली की भाऊजी तिच्याशी हुज्जत घालायचे. चुकीचा फाटा घेतला की ती बिचारी न चिडता नवा रस्ता शोधायची. “बघ, इतकी शांत बाई असते,” असं भाऊजी एकदा म्हणाले. त्यानंतर कनेटिकट संपेपर्यंत मागच्या सीटवरून थालीपीठ पुढे गेलं नाही.

खोकं माझ्या मांडीवर होतं. डांबराच्या गोळ्यांचा वास गाडीत एवढा भरला की बाहेर थंडी असून काचा खाली कराव्या लागल्या. वाटेत एका विश्रांतीच्या थांब्यावर आम्ही गाडीच्या टपावर डबे मांडून दही-थालीपीठ खाल्लं. येणारजाणारा प्रत्येक अनोळखी माणूस “हाय” म्हणत होता. आपल्याकडे अनोळखी माणूस असा हसला तर आपण आधी पर्स चाचपतो. मी दुपारपर्यंत सगळ्यांना उलट “हाय” म्हणून घेतलं आणि मला ते आवडायला लागलं.

उत्तरेकडे जाऊ लागलो तशी झाडं पेटत गेली. लाल, नारिंगी, हळदीसारखी पिवळी. मी वर्गात “पानझडी वने” असे दोन शब्द सांगून पुढच्या धड्याला लागायची, त्या शब्दांत एवढं सगळं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी खिडकीबाहेर बघत गप्प बसले, आणि मी गप्प बसले म्हणून ताईला माझी काळजी वाटायला लागली.

मेन

मुक्काम समुद्राकाठच्या एका घरगुती खानावळीवजा हॉटेलात होता. मालकीणबाईंनी विचारलं, “पानं बघायला आलात?” इथे म्हणे लांबलांबून माणसं फक्त वाळकी पानं बघायला येतात आणि त्यासाठी खोल्या वर्षभर आधी धरून ठेवतात. आमच्या गल्लीतली झाडणारी बाई हे ऐकून काय म्हणेल असा विचार माझ्या मनात आला.

“नाही,” भाऊजी म्हणाले. “माझा स्वेटर म्युझियममध्ये ठेवणार आहेत.”

बाईंनी आमच्या तिघांकडे नीट पाहिलं आणि आम्हाला वरच्या मजल्यावरची समुद्राची खोली दिली.

संध्याकाळी जेवायला गेलो तिथे फक्त शेवंड. शेवंड म्हणजे आपल्या कोकणात मिळतो तोच, झिंग्याचा थोरला भाऊ, लॉब्स्टर. मी शाकाहारी. पण तिथला नियमच असा, की बसल्याबरोबर प्रत्येकाच्या गळ्यात प्लॅस्टिकचं लाळेरं बांधतात, त्यावर लालभडक शेवंडाचं चित्र. मी गळ्यात शेवंड घालून उकडलेला बटाटा खाल्ला. भाऊजी लाळेरं बांधून, पक्कडीने शेवंडाची नांगी फोडत, आपल्या भाषणातला अंटार्क्टिकाचा उतारा ताईला ऐकवत होते. ताई ते भाषण पाठ झाल्यामुळे मधूनमधून पुढचे शब्द त्यांच्या आधीच म्हणत होती. आम्ही इतके हसलो की शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी आम्हाला त्यांच्यातलं ब्लूबेरीचं गोड दिलं. आंबटगोड, जांभळासारखी जीभ रंगवणारं. ताईने त्यांना लगेच पर्समधून तिळाची वडी दिली. आजोबांनी ती कडाकडा चावली आणि आपल्या कवळीची विचारपूस करत बसले.

मोजे

दुसऱ्या दिवशी सकाळी संग्रहालयात आम्हाला न्यायला मार्था आली. वस्तूंची निगा राखणं हे तिचं काम. साठीची, उंच, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. तिने भाऊजींचा हात हातात घेऊन इतक्या प्रेमाने हलवला की भाषण तिथेच सुरू होतंय की काय असं मला वाटलं. पण तिने आधी प्रदर्शन दाखवायचं ठरवलं होतं. दालन अजून लोकांसाठी उघडलं नव्हतं. ती सावकाश, स्वच्छ इंग्रजी बोलायची. मला सगळं कळलं, ते इथे आपल्या भाषेत सांगते.

पहिल्याच पेटीपाशी मी खिळले. एका हवामानशास्त्रज्ञाचा चष्मा होता. त्याच्या तारेच्या काड्यांना आणि नाकावर टेकणाऱ्या तारेला लोकर गुंडाळलेली, घट्ट, वळणावळणाने. तिथल्या थंडीत धातू कातडीला चिकटतो आणि काढताना कातडी घेऊन निघतो, मार्था म्हणाली. त्याच्या शेजारी एका भूगर्भशास्त्रज्ञाची दोरी बांधलेली पेन्सिल, गळ्यात अडकवायची. शाई गोठते, म्हणून सगळं लिखाण पेन्सिलीने. मग लाकडाचा एक गॉगल, काच नाहीच, नुसती आडवी फट, कारण बर्फावरचं ऊन डोळे घालवतं. कातडी बूट, आणि त्यांत पायाला ऊब म्हणून भरलेलं वाळकं गवत, अजून तसंच. दाताने चावून चावून टोक झिजवलेली एक चिलीम. दंतमंजनाचा गंजका डबा. ते दात कशाने घासायचे हे मला एकदाचं कळलं.

त्या चष्मेवाल्या हवामानशास्त्रज्ञाची सुईदोऱ्याची गुंडाळी होती, कापडाची, आत बटणं. जगाच्या टोकावर वाऱ्याचा वेग मोजणारा तो विद्वान मनुष्य संध्याकाळी बसून आपल्या सदऱ्याची बटणं लावत होता. माझे डोळे भरून आले. शाळेत मी यांची नावं पाठ करून घेतली, तारखा पाठ करून घेतल्या, आणि त्यांची बटणंही तुटायची हे मला कधी सुचलं नाही.

आणि मग ते मोजे. मखमलीवर ठेवलेला जोड. मूळचा रंग देवाला ठाऊक. काजळी, चरबी, तळव्याला घट्ट्यासारखी काळी पुटं, टाचेला तीन वेगवेगळ्या रंगांची रफू.

“हे कधी धुतले नाहीत?” ताईने विचारलं. आवाज अगदी बारीक.

मार्था प्रसन्न हसली. “कधीच नाही! ही काजळी म्हणजे त्यांच्या झोपडीतल्या चुलीची. ही चरबी म्हणजे त्यांचं जेवण. धुतलं की संपलं सगळं. आम्ही यावरची धूळसुद्धा फुंकत नाही. म्हणून तर डॉक्टरांचा स्वेटर आमच्यासाठी एवढा मोलाचा आहे. फोटोत बघूनच मी हरखले. तसा मळलेला स्वेटर आता कुठे बघायला मिळतो?”

मी ताईकडे पाहिलं. ताईने भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी चिलमीकडे पाहत होते. माझ्या काखेतल्या खोक्यातून डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता, तो मला त्या क्षणी जरा जास्तच जाणवला.

“तिने सूचना पाठवल्या नव्हत्या का?” ताईने दबक्या आवाजात मराठीत विचारलं.

“पाठवल्या होत्या.”

“मग?”

“पहिलं पान वाचलं मी,” भाऊजी म्हणाले. “पहिल्या पानावर पार्किंगचं होतं.”

कामाची खोली

मागच्या बाजूला मार्थाची कामाची खोली. लांबलचक पांढरं टेबल, वर दिवे, कोपऱ्यात पातळ हातमोजे आणि चिमटे. ताईने चिवड्याचा आणि लाडवांचा डबा पुढे केला, तेव्हा मार्थाने तो अत्यंत अदबीने खोलीबाहेर नेऊन ठेवला. इथे अन्नाचा कणही चालत नाही म्हणाली. मला तेव्हाच लक्षण ठीक दिसेना.

हातमोजे चढवून तिने रिबीन सोडली, कागद उलगडला, आणि थांबली.

टेबलावर तो मोरपंखी स्वेटर धुतल्या तांदळासारखा स्वच्छ, इस्त्रीची घडी मोडलेली नाही असा पडला होता. मार्थाने फोटो काढून शेजारी ठेवला. फोटोतला भाऊजींच्या अंगावरचा काळा ओबडधोबड प्रकार आणि समोरचा हा, यांचं एकमेकांशी काही नातं आहे असं कुणी म्हटलं नसतं.

“हाच का तो?” तिने विचारलं.

“हाच,” भाऊजी म्हणाले.

ती भिंग घेऊन वाकली. कोपर शोधत राहिली, भोक सापडेना. मग खालच्या काठापाशी आली आणि एकदम आणखी खाली वाकली. “इथे लाल डाग आहे,” ती म्हणाली. आवाजात पुन्हा आशा आली होती. “डॉक्टर, हे रक्त का? तुम्हाला तिथे जखम झाली होती?”

भाऊजींनी ताईकडे पाहिलं. मीही पाहिलं. धुतला, रफू केला, इस्त्री केली, एवढं मला ठाऊक होतं. हे मलाही ठाऊक नव्हतं.

“कुंकू आहे ते,” ताई म्हणाली. “आमच्यात नवीन कपड्याला कोपऱ्यावर लावतात. देताना. शुभ असतं.” मग तिने हे इंग्रजीत सांगितलं, जसं जमेल तसं, आणि सांगता सांगता धुतल्याचंही सांगून टाकलं. रिठे, कोमट पाणी, न पिळणं, टेबल टेनिस, सगळं. ताकाला जाऊन भांडं लपवायचा तिचा स्वभावच नाही.

मार्थाने फोटो उचलून बाजूला ठेवला. मग अगदी हळुवारपणे म्हणाली की ती शेवटची पेटी “जशा परत आल्या तशा” वस्तूंची आहे, आणि हा स्वेटर आता तसा राहिलेला नाही, त्यामुळे तिथे ठेवणं कठीण दिसतंय. भाऊजी “नाही नाही, मी समजू शकतो” असं म्हणाले आणि खुर्चीवर बसले. बाहत्तर वर्षांचा माणूस, पण शाळेच्या स्नेहसंमेलनात ऐन वेळी नाटकातून काढलेल्या मुलासारखा त्यांचा चेहरा झाला. त्यांनी कोटाच्या खिशावरून हात फिरवला. भाषणाचा कागद तिथे होता हे मला माहीत होतं.

ताईचा चेहरा पाहवत नव्हता. “माझंच चुकलं,” ती मला म्हणाली. “मी एवढ्या मेहनतीने विणलेला. असा मळका बघवेना मला.”

मी आयुष्यात फार थोड्या वेळा योग्य क्षणी तोंड उघडलं आहे. त्यातली ही एक. मी माझ्या शाळामास्तरी इंग्रजीत मार्थाला म्हटलं, “शी मेड इट.”

मार्थाने मान वर केली. “कुणी? हा विकत घेतलेला नाही?”

“नाही हो,” भाऊजी म्हणाले. “माझ्या बायकोने विणून पाठवला होता. न्यूझीलंडमार्गे. मी लिहिलं नव्हतं का तुम्हाला? राहिलं असेल.”

“राहिलं असेल!” ताई म्हणाली.

मार्थाने भिंग खाली ठेवलं, अंबाड्यातली पेन्सिल काढली आणि ताईसमोर खुर्ची ओढून बसली. मग प्रश्नांची सरबत्ती. लोकर कुठली? सांगलीच्या दुकानातली. हाच रंग का? एवढी लोकर याच रंगात होती म्हणून. माप कसं घेतलं? “माप कुठून घेणार?” ताई म्हणाली. “हे इकडे. घरी ह्यांचा एक शर्ट होता, तो जमिनीवर पसरून वितीने मोजायची. सासूबाई झोपल्या की विणायचं, दुपारी. थंडी किती असेल ते माहीत नव्हतं, म्हणून दुहेरी धाग्याने विणला. आमच्याकडे कुणाला एवढी थंडी माहीतच नव्हती.”

मार्था लिहीत होती. लिहिता लिहिता थांबून तिने दाराकडे, म्हणजे दालनाच्या दिशेने, हात केला. “तिथे एवढे मोजे आहेत, हातमोजे आहेत, टोप्या आहेत. सगळे कुणाच्या तरी आईने, बायकोने, बहिणीने विणलेले. घालणाऱ्या प्रत्येकाचं नाव आम्हाला माहीत आहे. विणणारीचं एकीचंही नाही. मी इतकी वर्षं इथे आहे, अशी एकही बाई मला भेटलेली नाही.” तिने टेबलावरच्या स्वेटरकडे पाहिलं. “आणि ही पहिली भेटली, तर ती रफू करूनच आली.”

मग ती हसायला लागली. आधी ती, मग मी, मग आम्ही सगळेच. कुंकू तसंच ठेवायचं असं तिने जाहीर केलं. स्वेटर शेवटच्या पेटीत जाणार नव्हता. तो त्या मोज्यांच्या बाजूला, वेगळ्या पेटीत बसणार होता. वरची पाटी तिने तिथल्या तिथे पेन्सिलीने लिहून दाखवली. आधी ताईचं नाव, विणणारी. मग धुतला आणि दुरुस्त केला, तोही तिनेच. सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, वापरणारे म्हणून भाऊजी.

“म्हणजे भाषण आता हिने करायचं का?” भाऊजींनी विचारलं. पण त्यांचा चेहरा उजळला होता. मला वाटतं, तो त्यांच्या नावापेक्षाही तिच्या नावाने जास्त उजळला होता, आणि हे मी त्यांच्यावर कृपा म्हणून लिहीत नाही.

मार्थाने कागद पुढे केला. सही झाली की वस्तू संग्रहालयाची. त्यानंतर हातमोज्यांशिवाय तिला कुणी हात लावायचा नाही, धुवायची नाही, घालायची तर नाहीच. कायमची.

ताईने सही करायला हात उचलला आणि तसाच ठेवला. ती त्या स्वेटरकडे बघत होती.

“काय झालं गं?” मी विचारलं.

“अगं, मी ह्यांना यात कधी पाहिलेलंच नाही.”

क्षणभर मला कळलं नाही, मग कळलं. तिने तो मिरजेत विणला. त्यांनी तो पृथ्वीच्या त्या टोकाला घातला. ती अमेरिकेत येईपर्यंत तो ट्रंकेत गेला होता, आणि त्या वासापायी ट्रंक घराबाहेर.

मार्थाला मराठी येत नव्हतं. पण तिने ताईकडे पाहिलं, भाऊजींकडे पाहिलं, आणि आपल्या हातातलं चांगलं पेन ड्रॉवरमध्ये टाकलं. “मी पेन शोधून आणते,” ती म्हणाली. “मला जरा वेळ लागेल. सही होईपर्यंत तो तुमचाच आहे.” आणि दार ओढून घेऊन गेली.

“घाला,” ताई म्हणाली.

भाऊजींनी कोट काढला, चष्मा माझ्या हातात दिला, आणि हात वर करून डोकं आत घातलं. पोटापाशी जरा अडलं. ताईने काठ धरून खाली ओढला, पाठीमागे जाऊन सरळ केला, खांदे बसवले. मग समोर येऊन उभी राहिली आणि बघत राहिली. पांढऱ्या दिव्याखाली पांढऱ्या केसांचा माणूस, मोरपंखी स्वेटरमध्ये. मला रडू आवरेना आणि मी ते आवरायच्या भानगडीतही पडले नाही.

ताईने त्यांचा हात उचलून मनगटापाशी बोट लावून पाहिलं. “बाही आखूड झालीय हो,” ती म्हणाली. “बोटभर. मला वाटतच होतं.”

“तिथे कधी वाटली नाही,” भाऊजी म्हणाले. “तिथे मला जे जे घालायला दिलं होतं ते सगळं सहाफुटी अमेरिकन माणसांचं, कुमुद. माझ्या मापाची एवढी एकच गोष्ट होती.”